शेतामागची बॉडी

दुर्गेश्वरीला शाळेच्या खिडकीशी उभं राहायला रोज एखादं कारण लागायचं. कधी रुचीची पाण्याची बाटली घरी राहायची, कधी रुमाल, कधी खोडरबर. वस्तू घरी राहतात कशा, हे फक्त तिलाच ठाऊक होतं. दप्तर तीच भरायची.

गोंदियाजवळच्या मुर्री गावाच्या पुढं, धानाच्या बांध्यांमधून जाणारा रस्ता जिथं संपतो तिथं त्यांचा टोला, छोटीशी वस्ती, आणि टोल्याच्या तोंडाशीच शाळा. दोन खोल्या, चौथीपर्यंत. तिसरी आणि चौथी भुपेंद्र सरांकडं, एकाच खोलीत. बाटली द्यायच्या निमित्तानं दुर्गेश्वरी खिडकीचा गज धरून आत डोकवायची आणि रोज तेच पाहून परतायची. बाकीची पोरं चिमण्यांसारखी कलकलत असायची आणि तिची रुची ओठ घट्ट मिटून बसलेली असायची. सरांनी काही विचारलं की उभी राहायची, खिडकीकडं बघायची, आणि काही न बोलता पुन्हा बसायची.

घरी हीच पोरगी लाह्या फुटाव्या तशी बोलायची. आजीशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, रुसलेल्या शेळीची समजूत घालायची. शाळेत मात्र हूं नाही की चूं नाही.

हे कुठून सुरू झालं ते दुर्गेश्वरीला पक्कं ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटायचं. पहिलीला रुचीला गोंदियातल्या एका इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथं एकदा तिनं हात वर केला आणि म्हणाली, "टीचर, मले पानी पेवाचं हाय." वर्ग हसला. टीचरही हसल्या. त्यानंतर रुचीनं त्या शाळेत कधी पाणीच मागितलं नाही. घरी आली की दप्तरासकट माठाशी उभी राहायची आणि गटागटा प्यायची. दुर्गेश्वरीनं वर्ष संपताच तिला तिथून काढलं, टोल्याच्या शाळेत आणलं, आणि आपल्या लेकरावर पुन्हा कुणी हसू नये म्हणून स्वतःच पदर खोचला. "मले नाही रुची, मला. पेवाचं नाही, प्यायचं. कायले नाही, कशाला." जेवताना, वेणी घालताना, झोपेनं डोळे मिटत आलेले असतानाही. हळूहळू रुची बोलायच्या आधी आईच्या तोंडाकडं बघायला लागली. पोरगी विचार करून बोलते आहे, असं वाटून दुर्गेश्वरीला बरंच वाटलं होतं.

सासूला हे पटत नव्हतं. "काऊन वो बहू," जमुनाबाई म्हणायची, "पोरीले घास तं गिळू दे! शब्द का पळून चालले?"

"तुम्हाला नाही समजायचं ते, आई."

"नाही समजत बाप्पा. आमी का कॉलेजात गेलो?"

दुर्गेश्वरी गेली होती. बी.एस्सी.ला पहिला वर्ग घेऊन पुढं नागपूरला शिकायला गेली, तेव्हा वसतिगृहात तिनं तोंड उघडलं की पोरी विचारायच्या, "कुठची गं तू?" त्या 'कुठची'तला सूर अजून तिच्या कानात होता.

त्यातच राखीला नणंद आली. चंदा, ओमेशची मोठी बहीण, नागपुरात सुखवस्तू घरात दिलेली. रुचीला तिनं चार प्रश्न विचारले. रुचीनं चारही वेळा आईकडं पाहिलं.

"ओमेश, ही पोरगी अशानं मुकी होईल," चंदा म्हणाली. "माझ्याकडं पाठव. दारात स्कूलबस येते, शिकवणी लावू, पोरांमध्ये पोर राहील. दोन्ही मुलं माझी मोठी झाली, घर खायला उठतं मला."

ओमेश भाताच्या मिलवर सुपरवायझर होता. शांत माणूस, पटकन हो म्हणणारा नाही आणि नाही म्हणणारा तर नाहीच. तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत पाहू ताई. शाळेत बोलाले लागली तं ठीक. नाही तं तुझ्याकडं."

दुर्गेश्वरी चहाचे कप उचलून आत गेली आणि बराच वेळ तेच कप विसळत राहिली. आठ वर्षांची पोर, अजून झोपेत आईचा पदर मुठीत धरते. ती नागपूरला? आणि काय म्हणून, तर आईला तिला चारचौघांत बोलतं करता आलं नाही म्हणून. त्या दिवसापासून तिच्यापुढं दिवाळी सण म्हणून नाही, तारीख म्हणून उभी राहिली.

पोळ्यानंतर शाळेत टॅब आले. दोन पोरांत एक. भुपेंद्र सर रोज कुडव्याहून मोटरसायकलनं यायचे. पालकांना बोलावून त्यांनी सगळं नीट समजावलं. ही डिजिटल वही. प्रत्येक पोराचं त्यात आपलं पान. पानावर बोटानं चित्र काढता येतं, फोटो लावता येतो, अक्षरं टाइप करता येतात. आणि कोपऱ्यातला माइक दाबून बोललं, की आवाज पानावर एक गोल ठिपका होऊन बसतो. ठिपक्यावर बोट ठेवा, पोरगं बोलतं. सगळ्यांची पानं वर्गातल्या मोठ्या टीव्हीवर दिसतात आणि पासवर्ड टाकला की पालकांना घरी मोबाइलवरही.

"ज्याले चारचौघांत बोलाची लाज वाटते ना," सर म्हणाले, "तो कोपऱ्यात बसून टॅबशी तं बोलेल." बोलताना त्यांनी दुर्गेश्वरीकडं पाहिलं नाही, पण तिला समजलं.

आणि खरंच, रुची टॅबशी बोलली. सरांनी सांगितलं, बाईसाहेब टॅब घेऊन व्हरांड्यात जातात, भिंतीकडं तोंड करून बोलतात, मग खाली बोटानं एकेक अक्षर वेचून लिहितात. दुर्गेश्वरीनं त्याच संध्याकाळी मोबाइलवर पान उघडलं. तिच्या लेकीचं पहिलं पान! शेळीचं वाकडंतिकडं चित्र, आवाजाचा ठिपका, आणि खाली : 'हे आमची सेरी हाय. तिले लय भूक लागते. ते कायले बोंबलते मले समजते.'

तिचा आनंद क्षणभरच टिकला. हे सगळे पालक बघणार. मोठ्या टीव्हीवर येणार. पुन्हा ते हसणं. आणि चंदाताईंना पाठवायचं तर हे पाठवायचं? 

पासवर्ड रुचीचाच होता, त्यामुळं पान नुसतं दिसत नव्हतं, बदलताही येत होतं. दुर्गेश्वरीनं 'हे'चं 'ही' केलं, 'सेरी'ची 'शेळी', 'तिले'चं 'तिला', 'कायले'चं 'कशाला'. दोन मिनिटांचं काम. आवाजाच्या ठिपक्याला मात्र तिनं हात लावला नाही. आवाज दुरुस्त कसा करतात ते तिला माहीत नव्हतं, आणि पुसून टाकायला बोट धजेना.

सकाळी पानाखाली सरांच्या हिरव्या अक्षरांत शेरा होता : 'शाबास रुची! किती शुद्ध लिहिलंस.' तिनं पानाचा फोटो चंदाला पाठवला. चंदानं फुलं पाठवली.

मग ते रोजचंच झालं. दिवसा रुची लिहायची, संध्याकाळी आई निसायची, तांदळातले खडे वेचावेत तशी. सगळं ठीक चाललं होतं. फक्त एकदा वेणी घालताना रुची म्हणाली, "आई, टॅबले मी नाही आवडत का?"

"टॅबला," दुर्गेश्वरी म्हणाली. "असं का म्हणतेस?"

रुचीनं आरशातून तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुढं काही बोलली नाही.

दसरा झाला. हलक्या धानाला रंग चढला. सरांनी विषय दिला, 'माझ्या घराजवळ'. रुचीनं लिहिलं बोडीवर. त्यांच्या बांधीला लागून बोडी होती, सासऱ्यांनी खोदलेली. तळ्याहून लहान, डबक्याहून मोठी, घरच्या धानाला पाणी देणारी. त्यात थोडे मासे, आणि कडेला शिंगाड्यांचा वेल. शेवटचं पाणी बांधीत सोडलं की बोडी उतरायची, शिंगाडे वर दिसायचे आणि चोरांचे डोळे त्यावर पडायचे.

रुचीच्या पानावर होतं : 'आमच्या बांधीच्या मांगं बोडी हाय. आजी रोज सकारी तिले पाहाले जाते. आता पानी उतरलं तं ते उघडी पडली. बगळे येऊन बसतेत. बाबा म्हने, कोनाले सांगू नोको, लोकं येतीन.'

दुर्गेश्वरी ओट्याशी उभी राहूनच दुरुस्ती करत होती. गॅसवर दूध. बांधी खोडून 'शेत' केलं. मांगं, हाय, सकारी, पाहाले, सगळं सरळ झालं. फक्त 'बोडी'पाशी ती अडली. तळं म्हणावं? तलाव? तलाव तर गावाचा असतो, एवढा थोरला. शेततळं म्हटलं की सरकारी योजना आठवते. राहू दे बोडीच, असं तिनं ठरवलं आणि ते वाक्य पुन्हा लिहायला घेतलं. मोबाइलवर ती इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहायची. तिनं बी, ओ, डी, आय दाबलं. मोबाइलनं त्याच्या अकलेनं शब्द पुढं केला, तेवढ्यात दूध वर आलं. एका हातानं पातेलं उतरवत तिनं दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तो शब्द घेतला, पान जपून ठेवलं, फोटो चंदाला धाडला, 'बघा ताई, आता कशी लिहिते!' आणि ओट्यावरचं दूध पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रुचीची दुसरी वेणी घालत होती. ओमेश मिलवर गेला होता, जमुनाबाई काठी घेऊन बोडीवर. दारात मोटरसायकल थांबली. पुढं भुपेंद्र सर आणि मागं गावचे पोलीस पाटील केवळरामभाऊ. त्यांचा नातू रुचीच्याच वर्गात. केवळरामभाऊ एरवी हाका मारत येणारे, आज टोपी हातात घेऊन आले.

"वहिनी, घाबरू नोका," ते म्हणाले, आणि दुर्गेश्वरीच्या हातातली वेणी सुटली. "ओमेश कुठी हाय?"

"मिलवर. काय झालं त्यांना?"

"त्याले काही नाही झालं. कोनी हात तं नाही ना लावला?"

"कशाला?"

केवळरामभाऊंनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बॉडीले."

सरांनी आपला टॅब पुढं केला. दुर्गेश्वरीनं वाचलं :

'आमच्या शेतामागे बॉडी आहे. आजी रोज सकाळी तिला पाहायला जाते. पाणी उतरल्यामुळे ती आता उघडी पडली आहे. बगळे येऊन बसतात. बाबा म्हणाले, कोणाला सांगू नकोस, लोक येतील.'

तिला हसूही आलं नाही आणि रडूही आलं नाही. ती नुसती मान हलवत राहिली, आणि केवळरामभाऊंनी त्या मान हलवण्याचा भलताच अर्थ काढला. "चाला," ते म्हणाले आणि धुऱ्यानं, बांधाबांधानं, निघाले. मागं सर, त्यांच्या मागं "भाऊ, ऐका तर" म्हणत दुर्गेश्वरी, आणि सगळ्यात मागं एक वेणी घातलेली, एक सुटलेली रुची.

जमुनाबाई बोडीच्या पाळीवर, काठाच्या बांधावर बसून शिंगाडा सोलत होती.

"काकी," केवळरामभाऊंनी दुरूनच विचारलं, "बॉडी कुठी हाय?"

"हे काय समोर! डोळे फुटले का गा तुहे?"

"समोर तं पानी हाय."

"मंग बोडीत का दूध राहाते?"

"अवो काकी, पान्याची बोडी नाही पुसून राहिलो. मेलेली! मेलेली बॉडी!"

जमुनाबाईनं शिंगाडा खाली ठेवला. "बोडी मरते का कधी गा? तुह्या बापानं अना माह्या घरच्यानं संगं खोदली हे, अना तू तिले मेली म्हनतं? सकारी सकारी घेऊन आला का थोडी?"

केवळरामभाऊंनी टॅबकडं पाहिलं, बोडीकडं पाहिलं, पुन्हा टॅबकडं. एक बगळा खरंच पाण्याच्या कडेला उभा होता. 

"सर," ते सावकाश म्हणाले, "याच्यात आवाजबी राहाते म्हने ना?"

सरांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. आणि बोडीच्या पाळीवर, कधी वर्गात न उमटलेला तो आवाज खणखणीत उमटला, "आमच्या बांधीच्या मांगं बोडी हाय..." न अडखळता, मध्येच बगळ्यांच्या गोष्टीवर खुदकन हसत, शेवटी बाबाची नक्कल करत, "कोनाले सांगू नोको!" 

केवळरामभाऊ मट्कन धुऱ्यावर बसले आणि हसायला लागले. पोट धरून, टोपीनं डोळे पुसत. "बांधी म्हनलं असतं तं मी एका सेकंदात समजलो असतो! हे 'शेतामागे', 'आहे', 'उघडी पडली आहे'... अरे पेपरात येते तसं लिहिलं ना बाप्पा! मी म्हनलं मर्डरच हाय! ठाण्यात फोन लावाच्या पहिले म्हनलं, एकदा सरले पुसून पाहू."

हसण्यात जमुनाबाईही सामील झाली. सर हसले नाहीत. ते गुडघ्यावर बसून रुचीला विचारत होते, "रुची, तू बोडी म्हटलंस. मग बॉडी कुणी लिहिलं?"

आणि रुचीनं आईकडं न बघता उत्तर दिलं. बघायला वेळच नव्हता तिला, रागच इतका होता. "मी बोडीच लिवली होती! रोज मी लिवतो ना, अना दुसऱ्या दिवशी ते नाही राहात. माही सेरी नाही राहिली, माहा सकारी नाही राहिला. हा टॅब पुसते. याले माही बोली नाही आवडत. मंग तुमी खाली शाबास लिवता. मी तं ते लिवलंच नाही!"

सरांनी मान खाली घातली. "मलाही वाटून राहिलं होतं, पोरीची भाषा एकाएकी इतकी कशी बदलली. पण शुद्ध दिसलं की हात आपोआप शाबास लिहितो."

दुर्गेश्वरीला वाटलं, आत्ता गप्प राहिलं तर हे टॅबवर निभावून जाईल. यंत्र आहे, चुकलं, संपलं. केवळरामभाऊही तेच समजले होते. पण रुचीनं सुटलेल्या वेणीचे केस तोंडावरून मागं सारले, आणि 'टॅबले मी नाही आवडत का' हा प्रश्न दुर्गेश्वरीला तेव्हा कळला नव्हता तो आत्ता कळला.

"टॅबनं नाही पुसलं," ती म्हणाली. "मी पुसलं, रुची. रोज मीच पुसत होते."

हसणं थांबलं. रुचीनं वळून आईकडं पाहिलं.

"कायले?"

'कशाला म्हण', हे शब्द सवयीनं दुर्गेश्वरीच्या जिभेवर आले. तिनं ते गिळले. 

"तुला कुणी हसू नये म्हणून."

रुचीनं केवळरामभाऊंकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं. दोघांचे डोळे अजून ओले होते. "पन हे तं हासूनच राहिले," ती म्हणाली.

जमुनाबाईनं सोललेला शिंगाडा नातीच्या हातात दिला आणि सुनेला म्हणाली, "ते वेनी तं पुरी कर वो बहू. शाळा भरली."

त्या दिवशी शाळेत पोहोचेपर्यंत बातमी पुढं गेली होती. वर्गातली पोरं दारातच "बॉडी! बॉडी!" करून नाचत होती. झालं, जे नको होतं तेच झालं. सरांनी पोरांना बसवलं, टीव्ही लावला आणि दुर्गेश्वरीला कळायच्या आत रुचीचं पान मागं मागं नेलं. वहीत आधीचं लिहिलेलंही जपून ठेवलेलं असतं, हे तिला माहीतच नव्हतं. पडद्यावर रुचीची बोडी परत आली, मांगं आणि सकारीसकट.

"हे रुचीनं लिहिलेलं," सर म्हणाले. "याच्या खाली आपण सगळे मिळून पुस्तकातली मराठी लिहू. वरचं पुसायचं नाही. दोन्ही पाहिजेत. आणि पालकांना आजपासून पान फक्त पाहता येईल." हे शेवटचं वाक्य त्यांनी फळ्याकडं बघत म्हटलं. "रुची, सांग बरं, आज सकाळी काय झालं?"

दुर्गेश्वरी खिडकीशी उभी होती. आज कारण शोधायची गरज नव्हती. रुची उठली. ओठ हलले. आणि तिनं मान वळवून खिडकीकडं पाहिलं.

दुर्गेश्वरीनं हे पूर्वी कितीतरी वेळा पाहिलं होतं. पोरगी आधारासाठी आपल्याकडं बघते, असंच तिला वाटत आलं होतं. म्हणून ती रोज यायची, म्हणून बाटल्या विसरायची. आज मात्र तिला ती नजर ओळखू आली. जेवताना, वेणी घालताना, आरशातून, रुची अशीच बघायची. बरोबर की चूक? हे म्हणू की नको? 

तिनं गजावरचे हात सोडले. हसून 'बोल, बोल' म्हणून खूण करावी, असं फार वाटलं. तीही एक खूणच झाली असती. ती खिडकीपासून सरकली, भिंतीच्या कडेनं चालत बोअरिंगच्या ओट्यावर जाऊन बसली, जिथून वर्ग दिसत नाही आणि वर्गातून ती दिसत नाही.

आत शांतता. हपशाच्या तोंडातून थेंब पडत होता, तेवढाच आवाज. दुर्गेश्वरीनं पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं झालं. दिवाळी, नागपूर, स्कूलबस, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. 

मग आतून अख्खा वर्ग खदाखदा हसला.

ती ताडकन उठली. दोन पावलं गेलीही. आणि त्या हसण्याच्या वरून, हसण्याला दाबत, एक आवाज आला, जमुनाबाईच्या सुरात, जमुनाबाईच्या ठसक्यात : "बोडी मरते का कधी गा?"

वर्ग पुन्हा हसला. आवाज थांबला नाही. तो थोडा वाट बघायचा, हसू ओसरू द्यायचा आणि पुढं निघायचा. केवळरामभाऊंची टोपी आली, बगळा आला, दूध आलं. केवळरामभाऊंचा नातू ओरडला, "माहा आजा खरंच खाली बसला?" आणि रुची म्हणाली, "मट्कन!" 

दुर्गेश्वरी पुन्हा ओट्यावर बसली. हपसा मारून तिनं ओंजळभर पाणी तोंडावर घेतलं. मग थोडं प्यायलीही.

दुपारी चंदाचा फोन आला. ती दोन दिवस पाहुण्यांच्या गडबडीत होती, फोटो आत्ता उघडला होता आणि घाबरून तिचा श्वास चढला होता. "कुणाची बॉडी? पोलिसांना कळवलं का? ओमेश फोन का उचलत नाही?" दुर्गेश्वरीनं सांगितलं.

"बोडी?" चंदा म्हणाली. "आपली बोडी? अगं, मी तिच्यात पोहायला शिकली! बाबांनी पाठीला रिकामा डबा बांधून ढकललं होतं मले." तिला स्वतःच्या 'मले'चं हसू आलं. "आणि मी ते बॉडी वाचलं. मी! मायबाई." मग ती म्हणाली, "तिचा आवाज आहे म्हणतेस, तो पाठव ना."

संध्याकाळी ओमेश मिलवरून आला, अंगावर कोंड्याची धूळ तशीच. केवळरामभाऊंनी त्याला रस्त्यातच गाठलं होतं. त्यानं हातपाय धुतले, खाटेवर बसला आणि रुचीचं पान उघडून ठिपक्यावर बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं. 'कोनाले सांगू नोको' आलं की तो दर वेळी हसायचा.

"ताईले काय सांगता?" दुर्गेश्वरीनं विचारलं. आवाज साधा ठेवायचा तिनं प्रयत्न केला.

"सांगतो, दिवाळीले तूच ये म्हनून. शिंगाडे खाले." त्यानं मोबाइल बाजूला ठेवला. "हे पोरगी तिथं जाऊन बोडी कोनाले दाखवन?"

दुर्गेश्वरी वळून आत गेली. या वेळी विसळायला कप नव्हते, तरी ती तिथं जरा उभी राहिली. सगळी काळजी मिटली असं नव्हतं. उद्या पाचवीला पोरगी गोंदियाला जाणार, तिथं पुन्हा कुणी हसेल. पुस्तकातली मराठी यायलाच हवी, त्यात सूट नाही. पण ते वरचं न पुसता खाली लिहायचं, सर म्हणाले तसं.

"आई!" रुची मोबाइल घेऊन आली. "सरनं अभ्यास दिला. घरच्या मोठ्या मानसाचा एक शब्द आनाचा, त्याच्याच आवाजात. आजीनं दिला, पन ते शिव्या देते मधात. तू दे."

दुर्गेश्वरीनं पदर सावरला, घसा साफ केला. रुचीनं माइक दाबला.

"बांधी," ती म्हणाली. "बांधी म्हणजे भातशेतीचा बांध घातलेला तुकडा."

रुचीनं नाक मुरडलं आणि आवाज पुसून टाकला. "असं नाही. पुस्तकावानी नोको बोलू. मामाच्या गावच्या आजीसंगं फोनवर बोलतं ना, तसं बोल."

"मी तशी बोलते?"

"रोज!"

रुचीनं पुन्हा माइक दाबला आणि मोबाइल तिच्या ओठांशी धरला. दुर्गेश्वरीनं श्वास घेतला, आणि बोलायच्या आधी लेकीच्या तोंडाकडं पाहिलं.